प्रधानांची किकरी आणि आपले कर्तव्य

काश्मीरच्या संगीताचा विषय निघाला की रसिकांना प्रथम आठवते ते संतूर. सुमारे शंभर तारांचे हे वाद्य पूर्वी तेथील सुफियाना मैफलींपुरतेच मर्यादित होते. जम्मूचे पंडित शिवकुमार शर्मा यांनी १९५५ साली ते मुंबईच्या रंगमंचावर आणले, त्याच्या रचनेत योग्य ते फेरफार केले आणि रागसंगीतात त्याला मानाचे स्थान मिळवून दिले. परंतु त्याच मैफलीत संतुराच्या शेजारी वाजणारे, गजाचे साज़-ए-काश्मीर मात्र मागेच राहिले. त्याचे थोर वादक गुलाम मोहम्मद साझनवाज यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली आणि पुढच्याच वर्षी ते निवर्तले. एकाच बैठकीतील दोन वाद्यांच्या नशिबात एवढे अंतर का पडावे? एकाला शिकणारे हात मिळाले, दुसऱ्याला ते पुरेसे मिळाले नाहीत, एवढेच त्याचे उत्तर आहे.

हे उदाहरण दूरचे वाटेल. परंतु तोच प्रश्न आज आपल्या आदिलाबादच्या उंबरठ्यावर उभा आहे. आपल्या डोंगराळ मुलखातील राजगोंडांचे परंपरागत भाट म्हणजे प्रधान. तीन तारांची, गजाने वाजणारी किकरी हे त्यांचे वाद्य. मराठी वाचकांना ते किंगरी या नावाने अधिक परिचित असेल. सनईसारखे पेपरे आणि ढोल यांची तिला साथ असते. गोंडांची कुळे चार, पाच, सहा व सात देव-बंधूंच्या सगांत विभागलेली आहेत. प्रत्येक कुळाची उत्पत्ती, त्याच्या पेर्सा पेन या थोर देवाची कथा आणि पूर्वजांची भ्रमंती प्रधानाला मुखोद्गत असते. त्याच्या गायनावाचून कुळाची पूजा पूर्ण होत नाही. म्हणून किकरी हे केवळ करमणुकीचे साधन नव्हे. ज्या समाजाने आपला इतिहास कागदापेक्षा कंठात अधिक जपला, त्याचे ते ग्रंथालयच होय.

येथे आपल्या दृष्टीने एक विशेष गोष्ट नमूद करावीशी वाटते. प्रधान गातात गोंडीत, परंतु त्यांच्या घरची बोली मराठी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि उर्वरित जिल्हा आंध्र प्रदेशात आला. आज तो तेलंगणात आहे. सीमा आखली गेली, पण प्रधानांची किकरी दोन्ही बाजूंस वाजत राहिली. मात्र गाणे गोंडी, घर मराठी आणि राज्यकारभार तेलुगू, अशा स्थितीत ही ठेव जपण्याची जबाबदारी आपलीच, असे कोणीच म्हणत नाही. आमच्या मते तिचा एक वाटा निश्चितपणे मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांकडे येतो.

कोणी म्हणेल, हल्ली या कलांचा गौरव होतोच की! मारलवाईचे गुस्साडी नर्तक कनकराजू यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, याचा आम्हांस सार्थ अभिमान आहे. २०२४ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा साऱ्या आदिलाबादला हळहळ वाटली. परंतु नृत्य डोळ्यांना तत्काळ भुरळ घालते आणि घटकाभरात रंगमंचावर दाखविता येते. रात्रभर चालणारी कुळकथा तशी दाखविता येत नाही. ती दहा मिनिटांत बसवली तर वाद्य उरेल, कथा मात्र जाईल. शिवाय संतुराचा मार्ग किकरीला जसाच्या तसा लागू पडणार नाही. संतुराला नवे श्रोते मिळाले की पुरे होते. किकरीला तिचे यजमान, तिची पूजा आणि तिची भाषा हीही हवीत.

याहून मोठा अडथळा आपल्या मनातच आहे. कथा सांगून धान्य, वस्त्र, गुरे स्वीकारणाऱ्या प्रधानाला पुष्कळ लोक मागता समजतात. ही समजूत अन्यायाची आहे. विद्वानाचे मानधन आणि गायकाची बिदागी यांना आपण भीक म्हणत नाही. मग प्रधानाच्या हक्काला ते नाव का द्यावे? ज्या विद्येपायी अपमान पदरी येतो, ती बाप मुलाला कशी शिकवील? आणि शिकविलीच, तरी मुलगा ती का घेईल?

तेव्हा आपण काय करावे? १९४३ साली मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांच्या प्रेरणेने मारलवाईस गोंडांसाठी शिक्षणयोजना सुरू झाली आणि गोंडी वाचनपाठ देवनागरी लिपीत छापले गेले. म्हणजे जी लिपी आपण रोज गिरवितो, तीत गोंडी उतरविण्याची वाट पूर्वीच घालून दिलेली आहे. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत पौष अमावास्येस मेसराम कुळाबरोबर त्यांचे प्रधानही असतात. तेथे केवळ पाळण्यात बसून परतू नये. वडीलधाऱ्या प्रधानांची अनुमती घ्यावी, त्यांचे गायन ध्वनिमुद्रित करावे, गोंडी शब्द देवनागरीत लिहावेत आणि त्यांनीच सांगितलेला अर्थ मराठीत द्यावा. शाळेने वर्षातून काही दिवस त्यांना गुरू म्हणून पाचारण करावे व योग्य मानधन द्यावे. ज्या प्रधान मुलाला किकरी येते, त्याला वर्गात संकोच वाटू नये, हे पाहणे तर आपणा सर्वांच्या हाती आहे आणि त्यास एक पैही लागत नाही.

काश्मीरच्या संतुरावर प्रेम अवश्य करावे. ते आपल्याच देशाचे वैभव आहे. परंतु दूरच्या सुरांनी तल्लीन होणाऱ्या कानांना शेजारच्या पाड्यातील सूर ऐकू येऊ नयेत, हे सुशिक्षितास शोभणारे नाही. किकरीच्या तारा अद्याप तुटलेल्या नाहीत. त्या शिकणाऱ्या हातांची वाट पाहत आहेत.