फाइल पास झाली, खोलीचं काय?

बेंगळुरूत एचएसआर लेआउट, कोरमंगला अशा भागांत चाळीस बाय साठच्या प्लॉटवर चार मजले चढतात, दर्शनी बाजूला काच लागते आणि बिल्डिंग ‘स्मार्ट’ म्हणून ऑफिसांना भाड्याने जाते. मालकाच्या हातात काय पडतं? किल्ल्या, जनरेटरचं वॉरंटी कार्ड आणि डॅशबोर्डचा पासवर्ड. कुठला सेन्सर कुठल्या खोलीतला, कुठला मीटर कुठल्या मजल्याचा, हे कंत्राटदाराच्या एका माणसाच्या लॅपटॉपमध्ये असतं. त्याने नोकरी बदलली की संपलं. ही माहिती नीट लिहून, तपासून मालकाच्या ताब्यात आल्याशिवाय कंत्राटदाराचं शेवटचं बिल काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अशा बिल्डिंगांच्या कंट्रोल सिस्टिमचं काम हा माझा रोजचा धंदा. पॉइंटची, म्हणजे सेन्सर-मीटरच्या नोंदींची, यादी उघडली की ‘टेम्प ३ न्यू’च्या खाली ‘टेम्प ३ न्यू फायनल’ हमखास सापडतो. मॉडबस या प्रोटोकॉलवरचे मीटर तर नावही सांगत नाहीत, नुसता रजिस्टरचा नंबर देतात. त्याचा अर्थ लावत बसा.

यावर उपाय आहे, आणि तोही फुकट. अमेरिका व डेन्मार्कमधल्या विद्यापीठांच्या आणि आयबीएमच्या संशोधकांनी 2016 साली ‘ब्रिक’ नावाची ऑन्टॉलॉजी मांडली. बिल्डिंगमध्ये कोणकोणत्या जातीच्या वस्तू असतात आणि त्यांची एकमेकांशी कोणती नाती असू शकतात, हे तिच्यात ठरवून दिलेलं आहे: हे युनिट या खोलीला हवा पुरवतं, हा सेन्सर या युनिटचा. आपल्या बिल्डिंगचं मॉडेल या नियमांवर घासून बघण्यासाठी ‘शॅकल’ वापरतात; वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने 2017 मध्ये त्याला मान्यता दिली. ऑन्टॉलॉजी लिहायच्या, त्याआधीपासूनच्या ‘आउल’ या भाषेत एक गंमत आहे. युनिटला तापमानाचा सेन्सर हवा असा नियम केला आणि मॉडेलमध्ये तो नसला, तरी आउल तक्रार करत नाही. असेल कुठेतरी, लिहायचा राहिला असेल, असं धरून चालतं. तर्कशास्त्रात ते शोभतं, साइटवर नाही. शॅकल मात्र सरळ बोट ठेवतं: या युनिटला सेन्सर नाही.

पण इथेच मंडळी फसतात. एका बिल्डिंगचं मॉडेल एकही चूक न निघता पास झालं होतं. जात बरोबर, एकक सेल्सिअस, नाती जागच्या जागी. इलेक्ट्रिशियन ‘आय्तु मॅडम’ (झालं, मॅडम) म्हणून सामान आवरायला लागला. मी वाफाळत्या चहाचा कप मीटिंग रूमच्या सेन्सरखाली धरायला लावला, तर स्क्रीनवर पारा चढला सर्व्हर रूमचा! मधलं पार्टिशन हलवताना दोन वायरींची अदलाबदल झाली होती. ऑन्टॉलॉजीला भिंत दिसत नाही. लिहिलेलं आपसात जुळतं का, एवढंच ती सांगते. खरं आहे का, ते जिना चढूनच बघावं लागतं. म्हणून कागदावरची तपासणी आणि खोलीतली तपासणी, दोन्हींवर सही हवी.

‘हे सगळं मान्यता टेक पार्कसारख्यांसाठी, आमच्या चार मजल्यांना कशाला?’ असं मालक विचारतात. मला उलटंच वाटतं. टेक पार्कमध्ये इंजिनिअरांची फौज असते. इथे एक वॉचमन आणि बोलावल्यावर येणारा इलेक्ट्रिशियन. शिवाय 2017 ची ऊर्जा संवर्धन इमारत संहिता 100 किलोवॉट जोडभार किंवा 120 केव्हीए करारातली मागणी यांपासून पुढे लागू होते. त्याखालच्या ऑफिसांना ती विचारतच नाही. बरं, पॉइंट थोडे असल्याने मॉडेल लिहायचं कामही इथे आवाक्यातलं. तपासणारं सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर चालतं.

सरकारी नियमाची वाट बघायची गरज नाही. वर्क ऑर्डरमध्ये दोन ओळी घाला: मॉडेलची फाइल मालकाची, आणि पार्टिशन हललं की तपासणी पुन्हा. आधीच उभ्या असलेल्या बिल्डिंगमध्ये वार्षिक देखभाल घेणाऱ्या नव्या एएमसीवाल्याने पहिल्याच भेटीत ही फाइल मागावी. नसेल तर ती बनवायचा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत दाखवावा, देखभालीत मुरवू नये. तो आकडा एकदा नजरेला पडला, की पुढच्या बिल्डिंगच्या वेळी मालक फाइल आधीच मागेल.