मर्यादा म्हणजे मौन नव्हे

भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एकोडी हे धानाच्या पट्ट्यातील गाव. रोवणीच्या दिवसांत अशा गावांतील आईवडील सकाळीच शेतावर जातात आणि मुले शाळेच्या, शेजाऱ्यांच्या वा थोरल्या भावंडांच्या भरवशावर राहतात. त्यांतील एखादी मुलगी मूकबधिर असेल किंवा तिची बौद्धिक वाढ वयाच्या मागे असेल, तर शरीरातील बदलांविषयी तिला कोण सांगणार? नकोशा स्पर्शाची तक्रार ती कशी करणार? महानगरी चर्चासत्रांतील लैंगिक शिक्षणाचा प्रश्न अशा गावात आणून ठेवला, की त्याचे खरे स्वरूप ध्यानी येते.

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. पुढे २००७ साली केंद्राच्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमातील साहित्यावर तीव्र आक्षेप घेतले गेले आणि राज्याने तो थांबविला. ते आक्षेप सर्वस्वी निराधार नव्हते. पालकांना विश्वासात न घेता असा विषय वर्गात आणणे शहाणपणाचे नव्हेच. परंतु सदोष पुस्तक मागे घेतल्याने योग्य पुस्तक लिहिण्याची जबाबदारी संपत नाही. मधल्या काळात मोबाइल घराघरांत पोहोचला आणि शाळेने सांगायचे टाळले ते मुलांपुढे विकृत रूपात आले.

कायदे मात्र पुढे गेले. २०१२ चा 'पोक्सो' कायदा अठरा वर्षांखालील प्रत्येक बालकाला संरक्षण देतो. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य करून समावेशक शिक्षणाची हमी दिली. २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षक प्रशिक्षित करण्याची योजना आहे. २०२२ मध्ये राज्याने शाळाशाळांतून 'सखी सावित्री' समित्या स्थापण्याचा आदेश काढला. तरीही २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराने महाराष्ट्र हादरला. कागदावरील समिती आपोआप मुलांचे रक्षण करीत नाही, हाच त्याचा अर्थ.

अडचणी खऱ्या आहेत. दोन-दोन वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाला खुणांची भाषा कोठून येणार? पुरुष शिक्षकाने मुलींपुढे प्रजननाचा पाठ कसा घ्यावा? म्हणूनच आरंभ पालकसभेपासून व्हावा. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका आणि शिक्षिका यांनी मिळून, घरच्या बोलीत, आधी मातापित्यांशी बोलावे. दिव्यांग मुलांसाठी चित्रे, बाहुल्या आणि पुनःपुन्हा सराव हवा. 'नको' म्हणण्याची खूण तरी प्रत्येक मुलाला यावी. मुलग्यांनाही हे शिक्षण तितकेच आवश्यक आहे; स्त्रीच्या देहाचा आदर हा त्यांच्या संस्काराचाच भाग आहे.

आपल्या परंपरेने काम हा चार पुरुषार्थांपैकी एक मानला आणि त्याला धर्माची चौकट दिली. चौकट घालायची, तर विषयाचे नाव घ्यावेच लागते. काय, कसे आणि कोणत्या वयात सांगावे याचे भान म्हणजे मर्यादा. ज्या मुलीला स्वतःचे दुःख शब्दांत मांडता येत नाही, तिच्यासमोर समाजानेही मौन धरले, तर त्या मौनाला संस्कार म्हणता येणार नाही.