नाताळची रात्र आणि घरातील वडीलधारी मंडळी

डिसेंबरच्या उत्तरार्धात तिरोडा परिसरात धानाची मळणी बहुतेक आटोपलेली असते आणि पहाटेची थंडी हाडांत शिरू लागते. विदर्भातील सर्वांत कमी तापमानाची नोंद पुष्कळदा गोंदियाचीच असते. याच दिवसांत ख्रिस्ती घरांच्या दारी कागदी तारा उजळतो आणि स्वयंपाकघरात करंज्या, शंकरपाळे, चकल्यांचा घाणा सुरू होतो. हा फराळ दिवाळीच्या फराळाचा सख्खा भाऊच. गोव्याची नेवरीदेखील आपल्या करंजीचीच बहीण.

नाताळच्या गीतांचा तर या भागाशी जुना ऋणानुबंध आहे. तिरोड्यावरून जाणाऱ्या लोहमार्गानेच नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. त्या प्रवासात एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंगाच्या वळणाची ख्रिस्ती भजने रचली. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून ती आजही मराठी मंडळ्यांत गायिली जातात. ज्यांना नातवंडांची नावे आठवत नाहीत, अशा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांनाही लहानपणी पाठ झालेली गीते अनेकदा कडव्यांसह आठवतात. म्हणून ध्वनिक्षेपकावर नवी गाणी लावण्यापूर्वी आजीला तिचे आवडते गीत सुरू करू द्या. सूर चुकला तरी दुरुस्त करू नका.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहावयास बसलो, ती गोष्ट. मध्यरात्रीच्या उपासनेला मधुमेही आजोबांना नेताना पुष्कळ घरांत एक घोटाळा होतो. 'परत आल्यावर सगळे मिळून जेवू' असे ठरते. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरविणारी गोळी नेहमीच्या वेळीच दिली जाते. मग उपासना चालू असताना आजोबांचे हात थरथरू लागतात. शेजारचा म्हणतो, थंडी वाजते आहे. आणि अंगावर आणखी एक शाल येते. थंडीने माणूस कुडकुडतो, परंतु त्याला दरदरून घाम फुटत नाही. कपाळ ओले लागले, बोलणे असंबद्ध झाले, तर रक्तातील साखर उतरली आहे असे समजून तत्काळ तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच द्यावी, आणि सावरल्यावर थोडे जेवू घालावे. शुद्ध हरपली असल्यास मात्र तोंडात काहीही घालू नये. थेट रुग्णालय गाठावे. त्या रात्रीच्या औषधांच्या वेळा डॉक्टरांना आठवडाभर आधीच विचारून ठेवलेल्या बऱ्या.

फराळाविषयी माझे मत थोडे सैल आहे. वर्षभर पथ्य पाळणाऱ्या माणसासमोर सणाच्या दिवशी रिकामी ताटली ठेवणे मला क्रूरपणाचे वाटते. एक करंजी द्यावी आणि त्या जेवणातला भात तेवढा कमी करावा. रक्तदाबाच्या रुग्णांनी चकलीच्या मिठाकडे लक्ष द्यावे. कवळी असणाऱ्यांना केकमधील अख्खे बदाम-काजू घशात अडकू शकतात; त्यांच्यासाठी सुकामेवा कुटून घालावा.

सजावटीच्या विजेच्या तारा न्हाणीघराच्या वाटेवर आडव्या सोडू नयेत, कारण रात्री उठणाऱ्या वृद्धाचा पाय तेथेच अडखळतो. घरात कुणाला प्राणवायू लावलेला असेल, तर त्या खोलीत मेणबत्ती पेटवूच नये. तारा खिडकीबाहेर टांगावा. खाटेवर पडल्या पडल्या तो त्यांना दिसतो.