कॅपखालचा दात

गणपतीला मालवणला घरी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की आई चहा बशीत ओतून, पार कोमट करून पितेय. सोलकढीचा घोटही डावीकडून. आणि फोटो काढताना पदर तोंडावर. आधी वाटलं लाजते, मग नीट बघितलं. वरच्या उजव्या सुळ्याशेजारच्या दातावर २०१३ साली मुंबईत कॅप बसवली होती, त्या दाताच्या हिरडीवर काळपट-निळसर रेघ.

"कधीपासून?" तर म्हणे, "झाली दोन वर्सा. मिशरी लावलंय ना तरुणपणी, ता फेडतंय आता."

दोन वर्षं! रोज रात्री फोनवर बोलतो आम्ही. पाऊस, आंबा, शेजारच्यांची म्हैस, सगळं बोलून होतं. दाताचा विषय एकदाही नाही. काकीचा उपाय तयारच होता, "तिरफळ धर दाताखाली, ठणको जातलो." आता बांगड्याच्या तिखल्यात पडणारं तिरफळ जिभेला बधिर करतं हे खरंच आहे. पण बधिर करणं म्हणजे बरं करणं नव्हे. आमच्या धंद्यात याला एरर मेसेज बंद करणं म्हणतात :-)

शेवटी कुडाळला एका दंतवैद्यांकडे घेऊन गेलो. त्यांनी शांतपणे जे समजावलं ते इथे लिहून ठेवतोय, कारण तुमच्याही घरात कुणाच्या ना कुणाच्या तोंडात अशी कॅप असणारच.

पहिली गोष्ट, काळेपणा कुठे आहे ते बघा. मिशरी म्हणजे तव्यावर भाजून पूड केलेली तंबाखू. तिचा रंग एकाच दाताभोवती गोल करून बसत नाही, जिथे बोट फिरतं तिथे सगळीकडे पसरतो. शिवाय आपल्या लोकांच्या हिरड्या मुळातच तपकिरी असू शकतात, तो आजार नाही. पण रंग नेमका एकाच कॅपच्या काठाला असेल तर संशय कॅपवर घ्यायचा. दातासारखी दिसणारी जुनी कॅप बहुधा आतून धातूची आणि वरून सिरॅमिकची असते. वयानुसार किंवा जोरजोरात घासून हिरडी वर सरकली की आतला धातू डोकावतो आणि राखाडी रेघ दिसते. नुसती रेघ असेल तर तो दिसण्याचा प्रश्न. हिरडी लाल-जांभळी, सुजलेली, हात लावला की रक्त येणारी असेल तर मात्र ती सूज आहे. कॅपचा काठ नीट बसलेला नाही, फार खोल गेलाय, किंवा खाली सिमेंट राहिलंय, असं काहीतरी. या धातूत बरेचदा निकेल असतं. खोटे कानातले घालून ज्यांचे कान खाजतात त्यांनी कॅप बसवण्याआधीच हे डॉक्टरांना सांगावं.

दुसरी गोष्ट म्हणजे थंड-गरम लागणं. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "या दाताचं रूट कॅनाल झालंय का?" झालं असेल तर आतली नस काढलेली असते, त्यामुळे त्या दाताला थंड लागूच शकत नाही. मग कळ शेजारच्या दाताची असते. आणि चावताना दुखत असेल तर दाताला चीर गेली आहे का, मुळाशी जंतुसंसर्ग आहे का, ते शोधायचं. नस जिवंत असेल तर उघडं पडलेलं मूळ किंवा काठाखाली लागलेली कीड, या दोन शक्यता आधी तपासायच्या.

आणि इथेच आम्ही अडकलो. रूट कॅनाल झालं होतं का, ते आईला आठवेना. मला तर नाहीच. मुंबईतला तो दवाखाना केव्हाच बंद झालाय, कागद एकही नाही. एक्स-रे काढला. त्यात मूळ दिसतं, पण कॅपच्या धातूमागचं काही दिसत नाही. मुळात भरलेलं काही नव्हतं, म्हणजे रूट कॅनाल झालेलं नव्हतं. काठाखाली कीड सुरू झाली होती. कॅप काढावी लागली. सुदैवाने दात वाचला. अजून वर्षभर मिशरीला दोष देत बसली असती तर कदाचित गेलाच असता.

तर माझं मत असं आहे की कॅप बसवली म्हणजे काम संपलं, हा समजच चुकीचा. दाताला कीड लागते, कॅपला नाही. आणि कॅपखाली दातच असतो. कोड लिहून डॉक्युमेंटेशन न देता निघून जाणाऱ्या माणसाला आपण काय काय बोलतो! पण आपल्याच तोंडात काय बसवलंय याची एक चिठ्ठीसुद्धा मागत नाही. चार ओळी पुरतात: दाताचा क्रमांक (आईचा १४), तारीख, कॅप कशाची, रूट कॅनाल झालंय की नाही. त्याचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. मुंबईत बसवलेली कॅप उद्या कुडाळच्या डॉक्टरला उघडावी लागते.

तुम्ही म्हणाल, आता झिरकोनिया आलंय, धातूच नाही. बरोबर, काळी रेघ दिसणार नाही. पण काठ नीट बसला नाही तर हिरडी झिरकोनियाभोवतीही सुजते, आणि कीड तर मटेरियल बघून येत नाही. महाग कॅपपेक्षा नीट बसलेली कॅप आणि दरवर्षीची तपासणी जास्त मोलाची.

मिशरी निर्दोष आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. तिने हिरड्या खराब होतात, तोंडाचा कॅन्सर होऊ शकतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर लगेच दाखवायलाच हवं. पण "माझंच चुकलं" या भावनेपोटी आमच्या आया दुखणं लपवतात, हे मला जास्त घातक वाटतं. आईने मिशरी सोडून वीस वर्षं झाली. शिक्षा मात्र ती अजून भोगत होती, तीही न केलेल्या गुन्ह्याची.

असो. आज घरी फोन कराल तेव्हा "बरी आहेस ना?" एवढंच विचारू नका, त्याला "हो" हेच उत्तर येतं. "कुठल्या बाजूने जेवतेस?" असं विचारून बघा.