विश्लेषण : थप्पड मारल्यावर कॅमेरा कुणाकडे वळतो?

पडद्यावरच्या पुरुषाबद्दल वाद सुरू झाला की तो बहुतेक वेळा एकाच प्रश्नापाशी अडकतो. नायकाने असे वागावे का? ‘कबीर सिंग’ (२०१९) आला तेव्हा हेच झाले आणि ‘अ‍ॅनिमल’ (२०२३) आला तेव्हाही. पण वाईट वागणारा पुरुष दाखवणे हा काही गुन्हा नव्हे. असे पुरुष घराघरांत आहेत. त्याने हात उचलल्यावर चित्रपट कुणाची बाजू धरतो, हे बघायला हवे.

तीन चित्रपट, तीन थपडा

लग्नाला घरून विरोध होताच कबीर प्रीतीला थप्पड मारतो, निर्णयासाठी काही तासांची मुदत देतो आणि निघून जातो. कॅमेराही त्याच्याच मागे जातो. पुढे त्याचे व्यसन, त्याची दाढी, त्याचे दुःख. मधल्या काळात प्रीतीवर काय गुजरले, हे प्रेक्षकाला अगदी शेवटी कळते, तेही ती कबीरला परत मिळताना. नशेत शस्त्रक्रिया केल्याबद्दल या डॉक्टरचा परवाना जातो, म्हणजे शिक्षा होतेच. थपडेचा हिशेब मात्र कुणी मागत नाही.

‘सैराट’मधला (२०१६) परश्याही आर्चीवर हात उगारतो. हैदराबादेत नव्याने मांडलेल्या संसारात संशय शिरतो आणि प्रेक्षकाचा लाडका परश्या एकदम परका वाटू लागतो. आर्ची घर सोडून थेट रेल्वेत बसते. ती परतते, पण स्वतःच्या निर्णयाने. नागराज मंजुळे यांनी परश्याला खलनायक केले नाही आणि सूटही दिली नाही.

‘थप्पड’मध्ये (२०२०) तर ती एकच चापट म्हणजे सगळी कथा. विक्रम हा कमावता, पार्टी देणारा, चारचौघांसारखा नवरा. ‘होतं असं कधीतरी’ म्हणणारे नातेवाईकही ओळखीचेच. अमृता मात्र घटस्फोटापर्यंत जाते.

मराठी मालिकांत बहुतेकदा यातले काही घडत नाही. थप्पड तीनदा दाखवायची, सगळ्या घराचे चेहरे फिरवायचे, मग ब्रेक. नवरा आई आणि बायको यांच्यामध्ये मान खाली घालून उभा.

‘प्रेक्षकांना हेच हवे असते’ हे खरे का?

अर्धेच. ‘कबीर सिंग’ने देशात दोनशे कोटींहून अधिक कमावले, ‘थप्पड’ची कमाई बेताची राहिली. पण मराठीत शंभर कोटींचा आकडा पहिल्यांदा गाठला तो ‘सैराट’ने, नायकाची चूक न झाकता. त्यामुळे गल्ल्याकडे बोट दाखवून लेखक-दिग्दर्शकांना सुटता येणार नाही.

मोबाइलवर काय बदलते?

‘कबीर सिंग’ला ‘ए’ प्रमाणपत्र होते, म्हणजे थिएटरमध्ये १८ वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. रीलला असे प्रमाणपत्र लागत नाही. तिथे चित्रपटाचे अर्ध्या मिनिटाचे तुकडे होतात आणि त्यात उरतात बुलेट, गॉगल, संथ चाल आणि पार्श्वसंगीत. परवाना गेल्याचा प्रसंग त्यात क्वचितच असतो. आठवीतल्या मुलाच्या हाती येणारा कबीर हा एवढाच.