ठरावापासून तळ्यापर्यंत

अस्पृश्यांना सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला. चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत यायला मात्र २० मार्च १९२७ हा दिवस उजाडावा लागला. ठराव आणि तळे यांतील अंतर महाडला कोणी शिकवावे लागत नाही.

अपंगांच्या रोजगाराचे आज तेच झाले आहे. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत त्यांच्यासाठी ३ टक्के जागा राखल्या, २०१६ च्या कायद्याने ४ टक्के. खाजगी मालकावर सक्ती नाही. ५ टक्के अपंग नेमावेत म्हणून शासनाने त्याला उत्तेजन द्यावे, एवढेच. पोलादपूरच्या डोंगरवाडीतील अपंग पदवीधर आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कारखानदार यांची गाठ कोणी घालून द्यावयाची? अलिबागचे हेलपाटे, एस.टी.चे भाडे, सोबत्याची बुडालेली मजुरी हा नोकरी शोधण्याचा सारा खर्च सर्वांत दुबळ्या उमेदवाराच्या माथी बसतो. हे अर्थशास्त्र उफराटे आहे.

अमेरिकेत १९९५ पासून देशभर चाललेल्या योजनेत सरकारी अधिकारी अपंग विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांची यादी सरकारी खात्यांपुढे ठेवीत. राज्यघटनेत ‘समाजवादी’ हा शब्द असलेल्या देशाला एवढे जड जाऊ नये.

उमेदवाराने अलिबागला नव्हे, मुलाखतीने महाविद्यालयात यावे, ही आमची मागणी आहे. कार्यकर्त्यांनी दोन्ही तालुक्यांतील अपंग विद्यार्थ्यांची, त्यांच्या संमतीने, यादी करावी. ती जिल्हा प्रशासनापुढे ठेवावी आणि प्रत्येक नावाचे उत्तर मागावे.