खेलो इंडिया : पडद्यावरची प्रतिमा आणि मैदानावरची शिस्त

जानेवारी २०१८ च्या अखेरीस नवी दिल्लीत ‘खेलो इंडिया’ शालेय क्रीडास्पर्धांचा प्रारंभ झाला आणि भारतीय क्रीडाजगतात एक महत्त्वाचे स्थित्यंतर घडले. शालेय स्पर्धा त्यापूर्वीही होतच होत्या. परंतु त्या कोठे भरतात, कोण जिंकते, कोणत्या तालुक्यातील मुलगी राष्ट्रीय स्तराच्या उंबरठ्यावर उभी आहे, याची वार्ता स्थानिक वृत्तपत्राच्या एखाद्या कोपऱ्यापलीकडे क्वचितच जाई. ‘खेलो इंडिया’ने सतरा वर्षांखालील मुलामुलींचे हे विश्व दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आणले. त्या पहिल्या स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्णपदक पटकावणारी हरियाणाची मनू भाकर २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये दोन कांस्यपदकांची मानकरी ठरली. ज्या मुलीला देशाने शाळकरी वयात पाहिले, तीच पुढे विजयमंचावर उभी राहिली.

पुढच्याच वर्षी या उपक्रमाला ‘युवा क्रीडास्पर्धा’ असे व्यापक रूप मिळाले आणि यजमानपद पुण्याजवळच्या म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलाकडे आले. त्यानंतर गुवाहाटी, पंचकुला, मध्य प्रदेश, तामिळनाडू आणि मे २०२५ मध्ये बिहार असा या स्पर्धांचा प्रवास झाला. २०१९, २०२०, २०२३, २०२४ आणि २०२५ अशा पाच वेळा महाराष्ट्र पदकतालिकेत अग्रस्थानी राहिला. मराठी मनाला याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र मैदानावर जो प्रांत अग्रभागी असतो, त्याने आयोजनाच्या दर्जाविषयीही अग्रभागी राहून बोलले पाहिजे. लक्षावधी घरांत दिसणाऱ्या या स्पर्धांचे आयोजन त्यांत खेळणाऱ्या मुलांच्या योग्यतेचे आहे काय, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

व्यावसायिकता आणि धंदेवाईकपणा

‘व्यावसायिकता’ हा शब्द मराठीत अनेकदा संशयाने उच्चारला जातो. त्याचा संबंध पैशाशी, जाहिरातींशी आणि चकचकाटाशी जोडला जातो. वस्तुतः धंदेवाईकपणा आणि व्यावसायिकता यांत मूलभूत अंतर आहे. पहिल्याचे लक्ष लाभाकडे असते, तर दुसरीचे लक्ष हाती घेतलेले काम निर्दोष करण्याकडे. ठरलेल्या वेळी सामना सुरू होणे, पंचांचा निर्णय आणि गुणफलक यांत तफावत नसणे, खेळाडूच्या नावाचा अचूक उच्चार होणे, जखमी मुलापर्यंत वैद्यकीय पथक तत्काळ पोहोचणे, या साध्या गोष्टींचे सातत्य म्हणजे व्यावसायिकता. तिला फार मोठा निधी लागत नाही, शिस्त लागते.

या दृष्टीने पाहिले तर युवा स्पर्धांतील सर्वांत जुना दोष म्हणजे वेळेविषयीची बेपर्वाई. जिल्हा वा राज्य पातळीवर संघ घेऊन गेलेल्या कोणत्याही क्रीडाशिक्षकाला विचारावे. प्रमुख पाहुणे येईपर्यंत मुले उन्हात संचलनाच्या रांगेत उभी आहेत, व्यासपीठावर हारतुऱ्यांचा आणि स्वागताचा सोहळा लांबला आहे, शरीर तापवून सज्ज झालेला धावपटू पुन्हा थंडावला आहे, हे चित्र त्याच्या पूर्ण परिचयाचे असते. कॅमेरा नव्हता तोवर हे खपून गेले. थेट प्रक्षेपणाच्या घड्याळाला पाहुण्यांच्या आगमनाशी कर्तव्य नसते. प्रेक्षक सामना पाहण्यासाठी वाहिनी लावतो आणि त्याला सत्कार दिसला की तो पुढे निघून जातो. संघाचा उत्सव ठरल्या मिनिटाला सुरू होतो आणि ठरल्या मिनिटाला संपतो, याचे कौतुक विरोधकही करतात. तीच सवय क्रीडासंघटनांच्या अंगी बाणली, तर प्रक्षेपणाचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील. १९९२ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘क्रीडा भारती’सारख्या संघटनेने आपल्या उपक्रमांतून या बाबतीत वस्तुपाठ घालून द्यावा, ही अपेक्षा गैर नव्हे.

प्रतिमा स्वयंपाकघरातही घडते

स्पर्धेची प्रतिमा उद्घाटनाच्या रोषणाईत घडते, असा अनेक आयोजकांचा समज असतो. वास्तव निराळे आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तर प्रदेशातील सहारनपूर येथे सतरा वर्षांखालील मुलींच्या राज्यस्तरीय कबड्डी स्पर्धेत खेळाडूंचे अन्न स्वच्छतागृहात ठेवले गेल्याची चित्रफीत देशभर पसरली. संबंधित क्रीडा अधिकाऱ्याला निलंबित करण्यात आले. ती स्पर्धा कोण जिंकले, हे आज कोणालाही आठवत नाही. भाताची ती परात मात्र सर्वांना आठवते. पुढच्या सप्टेंबरात दिल्ली राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत उत्तेजकविरोधी पथक आल्याची वार्ता पसरताच अनेक खेळाडू मैदानावरून नाहीसे झाले आणि पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू धावला. या दोन्ही घटनांना कोणत्याही मोठ्या वाहिनीच्या प्रक्षेपणाची गरज लागली नाही. आज प्रत्येकाच्या हातातील भ्रमणध्वनी हाच कॅमेरा आहे आणि भोजनगृह, वसतिगृह, प्रवास हे सारे त्याच्या टप्प्यात आहे.

याहून मोठा धडा २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांनी दिला. त्याआधी दोन वर्षे, ऑक्टोबर २००८ मध्ये, राष्ट्रकुल युवा क्रीडास्पर्धा पुण्यात पार पडल्या होत्या आणि यजमान भारत पदकतालिकेत पहिला आला होता. दिल्लीत मात्र उद्घाटनाला जेमतेम बारा दिवस उरले असताना मुख्य स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला आणि क्रीडाग्रामातील अस्वच्छतेची छायाचित्रे जगभर झळकली. पुढे भारतीय खेळाडूंनी ३८ सुवर्णपदकांसह १०१ पदके जिंकून दुसरे स्थान मिळवले. तरीही त्या स्पर्धांचे नाव निघताच आधी आठवतो तो गैरव्यवहार आणि तो पूल. चूक संयोजकांची आणि तिची किंमत खेळाडूंच्या पराक्रमाने मोजायची, असा हा उफराटा न्याय आहे. प्रौढ खेळाडू तो सोसून पुढे जातो. पंधरा वर्षांच्या मुलाच्या मनावर त्याचा जो ठसा उमटतो, तो पुसला जात नाही.

वयचोरीचा प्रश्नही याच पंगतीतला. त्याविरुद्धची राष्ट्रीय संहिता २०१० पासून अस्तित्वात आहे. एकोणीस वर्षांचा युवक पंधरा वर्षांच्या गटात उतरतो, तेव्हा पडद्यावर दिसणारी चुरस हा एक देखावा ठरतो आणि खरोखर पंधरा वर्षांचा असलेला प्रामाणिक मुलगा खेळच सोडून देतो. प्रमाणपत्र तपासण्याचे काम कोणत्याही प्रक्षेपणात दिसत नाही, पण त्या प्रक्षेपणाची विश्वासार्हता त्यावरच उभी असते.

स्वदेशी खेळांची कसोटी

या साऱ्याला एक सांस्कृतिक बाजूही आहे. केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने डिसेंबर २०२० मध्ये मल्लखांब, गतका, कलरीपायट्टू आणि थांग-ता या भारतीय क्रीडाप्रकारांचा युवा स्पर्धांत समावेश करण्याचा निर्णय घेतला. पुढे तामिळनाडूत सिलंबमला प्रात्यक्षिक खेळाचे स्थान मिळाले. त्या स्पर्धेचे बोधचिन्ह ब्रिटिशांशी झुंजलेल्या वीरांगना वेलू नाचियार यांचे होते. आपल्या मातीतील खेळ आणि आपला इतिहास राष्ट्रीय पडद्यावर यावा, यासाठी अनेक पिढ्यांनी वाट पाहिली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके दाखवली, तेव्हा त्यांच्यामागे ना शासन होते, ना प्रायोजक. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांबासाठी आयुष्य वेचणाऱ्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती याच परंपरेची पावती होय.

परंतु पडद्यावर स्थान मिळणे आणि पडद्यावर समजणे, यांत फरक आहे. एरंडेल लावलेल्या खांबावर एखादी मुलगी क्षणार्धात पकड बदलते, तेव्हा तिने काय साधले, हे समालोचकाने सांगावयाचे असते. अढी, तेढी, बगली, दसरंग, सुईदोरा हे शब्दच ज्याला ठाऊक नाहीत, तो समालोचक ‘अद्भुत’, ‘अविश्वसनीय’ अशा विशेषणांवर वेळ मारून नेतो. प्रेक्षकाला ती एक कसरत वाटते. गुण का कापले गेले, हे कळत नाही आणि जे कळत नाही, ते पुन्हा पाहावेसे वाटत नाही. बाळ ज. पंडित यांच्या आकाशवाणीवरील मराठी धावत्या वर्णनाने खेडोपाडीच्या श्रोत्यांना क्रिकेटचे बारकावे शिकवले. वि. वि. करमरकर यांनी मराठी वृत्तपत्रांत क्रीडापानाला प्रतिष्ठा मिळवून दिली. ज्या भाषेत ही परंपरा आहे, तिच्यात मल्लखांब आणि खो-खोचे जाणकार समालोचक घडवणे अशक्य नाही. निवृत्त खेळाडू आणि व्यायामशाळांतील प्रशिक्षक यांना ध्वनिक्षेपकासमोर बोलण्याचे रीतसर शिक्षण दिले पाहिजे, इतकेच.

योग्य सादरीकरणाने काय साधते, हे कबड्डीने दाखवून दिले आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा मातीतला हा खेळ मॅटवर, प्रखर प्रकाशात आणि चढाईच्या तीस सेकंदांच्या स्पष्ट घड्याळासह घराघरांत पोहोचला. खो-खोनेही तोच मार्ग धरला. २०२२ मध्ये बालेवाडीत अल्टिमेट खो-खोचा पहिला हंगाम झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीतील पहिल्या विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ विजयी झाले. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. खेळाचा आत्मा तोच राहिला. त्याभोवतीच्या व्यवस्थेला शिस्त आली.

मुलाचा मान

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो निराधार नाही. दूरचित्रवाणीच्या आहारी गेल्यास मुलांच्या खेळाचा तमाशा होईल, कोवळी मुले विक्रीची वस्तू बनतील, अशी भीती अनेक पालक आणि शिक्षक व्यक्त करतात. ही भीती खरी ठरू नये, यासाठीच व्यावसायिक मर्यादांची आवश्यकता आहे. पराभूत मुलीच्या अश्रूंवर कॅमेरा किती वेळ रोखून धरावा? विजेत्या मुलाला त्याच्या डावपेचांविषयी विचारावे, की त्याच्या वडिलांच्या हातगाडीविषयी? दारिद्र्यावर मात करणाऱ्याची कथा प्रेरक असते, यात शंका नाही. पण प्रत्येक मुलाखत घराच्या छपरापासून सुरू झाली, की खेळाडूचे कर्तृत्व मागे पडते आणि त्याच्या गरिबीचे भांडवल होते. त्या मुलाला सहानुभूती नको असते; त्याने वर्षानुवर्षे घोटलेल्या कौशल्याची जाण हवी असते.

अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या वैयक्तिक माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानणारा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रीडासंघटनांच्या उत्तरदायित्वाची आणि खेळाडूंच्या, विशेषतः महिला व अल्पवयीन खेळाडूंच्या, सुरक्षेची चौकट उभी केली. कायद्याची चौकट आहे. तिच्यात प्राण भरण्याचे काम संयोजकांचे आहे. प्रत्येक युवा स्पर्धेत मुलांच्या चित्रीकरणाची लिखित आचारसंहिता असावी, मुलाखतीच्या वेळी प्रशिक्षक वा पालक उपस्थित असावा आणि व्यासपीठावरील भाषणांची वेळ कार्यक्रमपत्रिकेत आधीच निश्चित केलेली असावी. यातील एकही गोष्ट खर्चिक नाही.

राष्ट्रापुढील पर्व

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारताने २०३६ च्या ऑलिम्पिकचे यजमानपद भूषवण्याची इच्छा औपचारिकरीत्या कळवली. २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये निश्चित झाले. या महोत्सवांचे स्वयंसेवक, पंच, समालोचक, चित्रीकरण-तंत्रज्ञ आणि व्यवस्थापक आकाशातून अवतरणार नाहीत. ते आजच्या युवा स्पर्धांतच घडणार आहेत. तेथे ढिलाई अंगवळणी पडली, तर तीच उद्या जगापुढे जाईल आणि दिल्लीच्या पुलाची आठवण पुन्हा ताजी होईल. तेथे नेटकेपणा मुरला, तर कोणत्याही प्रचारमोहिमेवाचून भारताची प्रतिमा उजळेल.

शासनाने पैसा दिला, वाहिन्यांनी वेळ दिला, मुलांनी घाम दिला. आता राज्य आणि जिल्हा क्रीडासंघटनांनी शिस्त द्यावयाची आहे. पुढच्या स्पर्धेचा पहिला सामना छापील वेळेवर सुरू व्हावा, मग पाहुणे आलेले असोत वा नसोत. परिवर्तनाचा आरंभ तेवढ्यानेही होऊ शकेल.